निर्जंतुक नाताळ

“रस्साच करायचा तर मग कोंबडीनं काय घोडं मारलं होतं?” पगारे भाऊसाहेबांनी विचारलं, आणि चर्चच्या मागच्या खोलीत बसलेले आम्ही सगळे पंच खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर चिंचेखाली टर्की बांधलेली होती. पायात सुतळी, गळ्याशी लोंबती लाल कातडी. आमच्यापैकी कुणीच असला पक्षी जवळून पाहिलेला नव्हता. सकाळपासून पोरं येऊन ‘हा मोराचा कोण लागतो’ असं विचारून जात होती.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मिशनचा दवाखाना, मुलींचं बोर्डिंग आणि चर्च अशा तीन इमारतींभोवती आमची ख्रिस्ती वस्ती वाढलेली. ही टर्की आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांपैकी, पुण्याला स्थायिक झालेल्या एका डॉक्टरांनी धाडली होती. ते शेतावर टर्क्या पाळत. सोबत निरोप होता, ‘यंदाच्या प्रीतिभोजनाला मटण नको. काहीतरी नवीन करा.’

मटण का नको, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणीच ते बोलत नव्हतं. आदल्या नाताळात प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीची एकत्र पंगत, झालं आणि दिवेलागणीपर्यंत अर्धी मंडळी दवाखान्यात भरती झाली. एकेका खाटेवर दोघं दोघं, मध्ये एकच सलाइनचा खांब. देवाची कृपा म्हणून सगळे धडधाकट घरी परतले. त्या जेवणाची बिर्याणी माझ्या आईच्या देखरेखीखाली झाली होती. कितीतरी वर्षं प्रीतिभोजनाचा स्वयंपाक म्हणजे लुदियाबाई थोरात, हे आमच्याकडे ठरूनच गेलेलं होतं. ती मुलींच्या शाळेत शिक्षिका होती, पण निवृत्त झाल्यावर तिच्या शिकवण्याचं नाव कुणी काढत नसे, बिर्याणीचं काढत.

त्या प्रकारानंतर आईला कुणी एका शब्दानंही बोललं नाही. आमची मंडळी फार सभ्य. फक्त आमच्या घरी प्रार्थना असली की सगळ्यांनी चहा नुकताच घेतलेला असे. कुणाकडे बारसं असलं की आईला पुढच्या खोलीत मानानं बसवत, म्हणजे ती चुलीकडे जायला नको. यंदा नाताळच्या आधी तिनं नेहमीप्रमाणे करंज्यांची ताटं घरोघर पाठवली. ताटं स्वच्छ धुऊन परत आली आणि शेजारच्या रणनवऱ्यांच्या कोंबड्या अंगानं भरल्या. आईनं ते पाहिलं. ती एवढंच म्हणाली, “कोंबड्यांना खोबरं मानवतं वाटतं.”

तिला एकच गोष्ट हवी होती. तिचा स्वयंपाक तिला परत हवा होता. तसं ती तोंडानं म्हणाली नसती, पण त्या सभेला ती कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसली. मी तरुण संघाची प्रतिनिधी म्हणून तिच्या शेजारी बसले होते. तिच्या मांडीवर पदराचं टोक गोल गोल गुंडाळलं जात होतं.

“प्रश्न चवीचा नाही,” पाळकसाहेब म्हणाले. रेव्हरंड नथनेल आढाव हे भल्या स्वभावाचे गृहस्थ. कुणाला दुखवायचं नाही म्हणून ते प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडत. “प्रश्न असा आहे की, मागचा अनुभव पाहता, म्हणजे आपण सगळ्यांनी...”

“सुरक्षितपणाचा,” पगारे भाऊसाहेबांनी वाक्य पुरं केलं. ते मंडळीचे सेक्रेटरी, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कुठल्याही गोष्टीला फाटे फोडायचे आणि मग त्या फाट्यांवर पोटसमिती नेमायची, हा त्यांचा आवडता उद्योग. “एवढा मोठा पक्षी. बाहेरून शिजलेला दिसेल, आत कच्चा राहील. जबाबदार कोण?”

“बेकरीच्या भट्टीत घालू,” कुणीतरी म्हणालं. “रफिकभाई नाही म्हणणार नाहीत.”

“भट्टी पावाची आहे. पाव किती जाड असतो आणि हे धूड किती जाड आहे? वरून कोळसा होईल आणि आत रक्त.”

“आगटी करू मग,” शेतीवाले एक पंच म्हणाले. “हुरड्याला करतो तसा खड्डा घ्यायचा, गोवऱ्या पेटवायच्या. पक्षी केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात पुरून टाकायचा. सकाळी पुरला की दुपारी लोण्यासारखा.”

“आणि नाही झाला लोण्यासारखा तर? पंगत बसल्यावर पुन्हा पुरायचा?”

“जिलेबीवाल्याची कढई आणू. अख्खा तळून काढू.”

यावर आईनं घसा खाकरला. “ओला पक्षी उकळत्या तेलात सोडला तर तेल उतू जाईल. खाली जाळ असतो. मंडपाला आग लागेल.” आई बोलली म्हणजे आता मागच्या वर्षाचा विषय निघणार, असं सगळ्यांना वाटलं असावं. ती मात्र धीटपणे पुढे बोलत राहिली. “तुकडे करावेत, मंद आचेवर झाकून शिजवावेत. मांडीच्या सांध्यापाशी सुरी टोचायची. पाणी लाल आलं तर कच्चं, स्वच्छ आलं तर झालं. यात अवघड काही नाही. आणि शिजवण्याइतकंच नंतरचं बघायला हवं. शिजलेलं अन्न आपण किती वेळ तसंच ठेवतो, झाकतो कशानं, कुठं ठेवतो. दुखणं बहुतेक वेळा तिथून येतं.”

“बरोबर आहे तुमचं,” पाळकसाहेब म्हणाले. “अगदी बरोबर. परंतु...”

“परंतु तुकडे केले की रस्सा आला,” पगारे भाऊसाहेब म्हणाले, “आणि रस्सा आला की तो करणार कोण, हा प्रश्न आला.”

पदर गुंडाळणं थांबलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजत होतं. पण इथं सगळे मिळून माझ्या आईला फुंकत होते.

अशा वेळी तबिथा सिस्टर बोलल्या. त्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्स अजून स्वप्नात हात धुतात, असं म्हणत. “एवढा काथ्याकूट कशाला?” त्या म्हणाल्या. “आपला जुना ऑटोक्लेव्ह आहे की.”

ऑटोक्लेव्ह म्हणजे शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, कापडं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं यंत्र. दवाखान्यात नवं आल्यापासून जुना धोबीखान्याच्या पडवीत पडून होता. आडव्या पिंपाएवढा, पितळी चाकाच्या दाराचा.

“त्यातून कुठलाही जंतू जिवंत बाहेर आलेला नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मी इतकी वर्षं चालवलाय. टर्की काय, हत्ती घाला.”

पंचांच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पसरला की विचारू नका. आमच्या वस्तीत घरटी एक माणूस दवाखान्यात नोकरीला. आमची पोरं ‘आई’ म्हणायच्या आधी ‘डेटॉल’ म्हणतात. परमेश्वरानंतर आमचा विश्वास असलाच तर उकळत्या पाण्यावर. ठराव एकमतानं पास झाला. बाकीचं जेवण नगरच्या केटररकडून मागवायचं ठरलं. मग कामं वाटली गेली. आईच्या वाट्याला पत्रावळी मांडणं आणि पाण्याचे पेले भरणं आलं.

बाहेर पडताना पगारे भाऊसाहेब तिच्याजवळ आले. “लुदियाबाई, मनाला लावून घेऊ नका. यंदाचं निर्विघ्न पार पडू द्या. मग पुढच्या वर्षी स्वयंपाकाचं तुमच्याकडंच देऊ. मी शब्द टाकतो.”

“खरंच?” आईनं विचारलं. ती इतक्या चटकन बोलली की मला तिच्याकडे बघवलं नाही. घरी येताना वाटेत ती पुढच्या वर्षीच्या तांदळाबद्दल बोलत होती.

नाताळच्या सकाळी उपासनेआधी आम्ही सगळे धोबीखान्यात जमलो. टर्की साफ करून आली होती. तबिथा सिस्टरनी तिला मीठ चोळू दिलं, हळद चोळू दिली, पण मसाल्याला नकार दिला. वाफेच्या झडपेत मसाला अडकतो म्हणाल्या. मग त्यांनी तिला थिएटरच्या हिरव्या, धुतलेल्या कापडात गुंडाळलं. चारी कोपरे दुमडून, वर गाठ मारून. गाठीवर त्यांनी एक पांढरी चिकटपट्टी लावली.

“ही कशाला?” मी विचारलं.

“वाफ पुरेशी लागली की पट्टीवर काळ्या रेघा उठतात. रेघा उठल्या म्हणजे आतलं निर्जंतुक झालं. मग कुणाचा बापही नाही म्हणू शकत नाही.”

खाली लाकडं पेटली. काटा वर चढला. वाफ फुसफुसली. पाळकसाहेबांनी यंत्रासाठी छोटी प्रार्थना केली. आई जरा लांब, भिंतीशी उभी होती. “कापडाचा वास लागेल मांसाला,” ती माझ्या कानात म्हणाली. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला पुढचं वर्ष हवंय ना? ती लगेच गप्प बसली.

उपासनेनंतर पितळी चाक फिरलं. वाफ ओसरली आणि हिरवं गाठोडं स्ट्रेचरवरून मंडपात आलं. पट्टीवर काळ्याकुट्ट रेघा उठल्या होत्या. सिस्टरनी ती सोलून सगळ्यांना दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गाठ सोडली, आणि करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं झालं. टर्की अशी काही उरलीच नव्हती. हाडं एका बाजूला, मांस एका बाजूला, मधे फिकट पिवळं पाणी. दवाखान्यात पोटाच्या पेशंटला देतात तसं दिसत होतं.

“मऊ झालीय,” पाळकसाहेब म्हणाले.

“महत्त्वाचं काय आहे?” पगारे भाऊसाहेब म्हणाले. “सुरक्षित आहे.”

मांस कालथ्यानं उचलून थोडं थोडं पत्रावळींवर वाढायला घेतलं. तेवढ्यात मंडपाच्या दारात नामीआजीची रिक्षा थांबली.

नामीआजी म्हणजे पाळकसाहेबांच्या आई, आणि त्याआधी कितीतरी वर्षं मुलींच्या बोर्डिंगच्या मेट्रन. ऐंशी कधीच ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पाठीला पोक, पण आवाज अजून जेवणाच्या घंटेसारखा. माझी आई पाच वर्षांची असताना अनाथ होऊन त्या बोर्डिंगात आली होती. तिला नाव नामीआजीनं दिलं. वेणी घालायला, भाकरी थापायला, प्रार्थना करायला तिनंच शिकवलं. आईच्या लग्नात वधूपित्याच्या जागी तीच उभी होती.

रिक्षातून नामीआजीसोबत एक मोठं पातेलं उतरलं. प्रीतिभोजनाचं गोड म्हणजे तिचं कस्टर्ड. दूध, अंडी आणि केळी घालून आदल्या दिवशी केलेलं. ते ती फ्रिजमध्ये ठेवू देत नसे. फ्रिजनं अन्नातला जीव जातो, असं तिचं मत. ओल्या फडक्यानं झाकून ती ते खिडकीत ठेवी. सभेत कस्टर्डचा विषय निघाला नव्हता. नामीआजीच्या कस्टर्डवर ठराव करणं म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेवर ठराव करण्यासारखं झालं असतं.

“द्या आजी, मी आत नेते,” आई म्हणाली आणि पेले सोडून धावली.

पगारे भाऊसाहेब जरा घुटमळले. पण पातेलं नुसतं उचलून न्यायचं होतं. त्यांनी मानेनं संमती दिली.

आईनं पातेलं घेतलं. फडक्याचा कोपरा वर करून वास घेतला. मी मंडपाच्या मागच्या बाजूला पेले विसळत होते, तिथून मला ती येताना दिसत होती. ती वाढप्यांकडे वळली नाही. सरळ मागच्या अंगणात आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पोरं जवळपास नाहीत हे पाहिलं. जमीन सपाट होती, सारवलेली. पायात येईल असं काही नव्हतं. मग तिनं पातेलं तिरकं केलं आणि सगळंच्या सगळं कस्टर्ड जमिनीवर ओतलं. त्यानंतर स्वतः गुडघ्यावर बसली आणि ओरडली, “अगं बाई, गेलं.”

मंडपातून माणसं धावत आली. तोवर एक कुत्रं शेपूट हलवत पुढे आलं होतं. आईनं त्याला दगड दाखवून हाकललं आणि ओंजळीओंजळीनं माती त्या कस्टर्डवर टाकायला लागली.

“काय हो हे, लुदियाबाई,” पगारे भाऊसाहेब म्हणाले. “एक पातेलं. एकच पातेलं न्यायचं होतं.”

“पाय अडखळला.”

“वयच झालंय आता. दुसरं काय.” ते तिच्याशी नाही, शेजारच्या पंचांशी बोलत होते. “जाऊ द्या. पुढच्या वर्षी पाण्याचंही नको त्यांच्याकडं.”

माणसं परत गेली. मी फावडं घेऊन आले. आई माती लोटत होती आणि तिच्या गालावर पिवळा शिंतोडा उडाला होता.

“तू मुद्दाम सांडलंस,” मी म्हटलं.

“हळू बोल.”

“का?”

ती माती लोटत राहिली. “मागच्या वर्षी तुझ्या बाबांनी बिर्याणी तीनदा मागून घेतली. त्यांना काही झालं?”

“नाही.”

“त्यांना शुगर. गोडाला हात लावला नाही. तुरुंगात नाताळची गाणी म्हणायला गेलेली तुमच्या संघाची पोरं बिर्याणी खाऊन उठली, गोड वाढायच्या आधी. त्यांच्यातल्या एकाला तरी साधी कळ आली?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणतो. इथं संन्यासी वर्षभर फास स्वतःच्या हातानं नीट करत बसला होता.

“आजीनंही खाल्लंच असेल की.”

“तिलाही शुगर. ती नुसती करते. चाखत नाही. वास तर तिला येतच नाही आता.” आईनं मातीचा ढीग पायानं दाबला. “आज आंबूस येत होता. थोडासाच.”

“मग मागच्या वर्षीच का नाही सांगितलंस? यंदा सभेत तरी सांगायचंस. निदान पाळकसाहेबांना.”

“आणि ते घरी जाऊन काय सांगतील? आई, तुझ्या हातचं खाऊन अर्धी मंडळी सलाइनवर गेली, असं?” तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता. “जन्मभर तिनं दुसऱ्यांची लेकरं जेवू घातली, एस्तेर. डोळे गेले, पाय गेले. तेवढं एक पातेलं उरलंय तिच्यापाशी.”

“आणि तुझं काय उरलं?”

तिनं फावडं माझ्या हातातून घेतलं आणि उरलेली माती एकसारखी केली.

त्या नाताळला कुणालाही काही झालं नाही. लोकांनी टर्की मिटक्या मारत खाल्ली, असं मी म्हणणार नाही, पण खाल्ली. ती कापसासारखी लागते असं पोरं म्हणाली तेव्हा मोठ्यांनी त्यांना गप्प केलं. पुढच्या रविवारी वर्षाअखेरची उपासना होती. पाळकसाहेबांनी मंडळीच्या आरोग्याबद्दल देवाची उपकारस्तुती केली आणि तबिथा सिस्टरचा शाल देऊन सत्कार झाला. सिस्टरनी ती काळ्या रेघांची पट्टी बायबलमध्ये खुणेला ठेवली होती, तीही दाखवली.

मग साक्ष देण्याची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली. नामीआजी काठी टेकत उठली. ती उठली की सगळे उठतात.

“लुदिया कुठं आहे? इकडं ये, बाळा.”

आई पुढे गेली. सगळ्या चर्चसमोर ती त्या पोक आलेल्या म्हातारीपुढे वाकली. नामीआजीनं चाचपडत तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले.

“हे स्वर्गीय बापा,” तिचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला, “या लेकराला मी लहानाचं मोठं केलं. मनानं चांगली आहे. कष्टाळू आहे. जरा धांदरट आहे, ते तुलाही ठाऊक आहे. मागच्या वर्षी हिच्या हातून मंडळीला त्रास झाला. यंदा हिच्या हातून लेकरांच्या तोंडचा घास सांडला. तू हिला क्षमा कर. आम्ही केलीच आहे. हिला जपून वागायची बुद्धी दे.”

मी बाकाचा कठडा धरून उभी होते. एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी बोलले असते, पण वाकलेल्या आईनं त्याच अवस्थेत मान किंचित वळवली आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी वर्गात दंगा करायला लागले की ती फळ्याकडून वळून बघे, तसंच.

“आणि बापा,” नामीआजी म्हणाली, “पुढच्या नाताळापर्यंत मला आयुष्य दे. यंदाची उणीव मी भरून काढीन. पुढच्या वर्षी दोन पातेली करीन.”

मंडळीनं एका आवाजात आमेन म्हटलं. आईला म्हणायला जरा वेळ लागला.